डी-मॅनोजच्या पुड्या: डब्यावरचं चित्र खरं, दावा अपुरा

उन्हाळी लागण्यावर, म्हणजे लघवीला जळजळ होण्यावर, म्हणून हल्ली औषधाच्या दुकानात जी पांढरी गोड पावडर पुड्यांमध्ये मिळते, त्या डी-मॅनोजबद्दल हे लिहितेय. केज तालुक्यात आमचं मेडिकल आहे. काउंटरवर बहुतेक वेळ मीच असते, आणि जे दुखणं बाया घरात कुणाला सांगत नाहीत ते मला सांगतात. दुकानात पुरुष गिऱ्हाईक असलं की त्या बाजूला थांबतात, तो गेला की पुढं येतात आणि हळूच म्हणतात, "ताई, उन्हाळी लागलीय, थेंब थेंब व्हायलंय, कायतरी द्या." यातल्या शिकलेल्या, मोबाइलवर वाचणाऱ्या बाया आता थेट पुड्यांचं नाव घेऊन मागतात. म्हणून सगळ्यांसाठी एकदाच नीट लिहून ठेवते.

आधी निकाल सांगते. जळजळ सुरू झालेली असेल तर ही पुडी त्यावरचं औषध नाही. पुन्हा पुन्हा होणारा त्रास टळावा म्हणून घ्यायची असेल, तर आज तिच्या बाजूचा पुरावा कमजोर आहे. मी पाचपैकी दोन तारे देते.

डबा दिसायला चांगला आहे. आत दहा पुड्या, प्रत्येकीत दोन ग्रॅम पावडर, किंमत साडेतीनशेच्या घरात. रोज एक घ्यायची म्हटली तर महिन्याला हजार रुपये होतात. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला हा खर्च मोठा आहे, आणि पत्रकात तर ती सहा महिने घ्यायला सांगितलीय. डब्यावर एफएसएसएआयचा क्रमांक आहे, म्हणजे ही वस्तू अन्नपूरक म्हणून विकली जाते, औषध म्हणून नाही. हे लिहिलंय, पण इतक्या बारीक अक्षरात की दुकानात उभ्या माणसाला दिसणार नाही. पावडर पेलाभर पाण्यात लगेच विरघळते, गाळ राहत नाही. चव साखरेपेक्षा सौम्य गोड, मागं कडवटपणा नाही. माझ्या जावेनं डॉक्टरांना विचारून ही पुडी घेतली होती; तिला सुरुवातीला पोट जरा फुगल्यासारखं वाटलं, बाकी काही त्रास झाला नाही. तिची उन्हाळी त्या काळात एकदा उमटलीच. एकट्या बाईच्या अनुभवावरून पुडी चांगली की वाईट हे ठरत नाही, म्हणून तो हिशेबात धरत नाही.

आता डब्यावरच्या चित्राकडे येते, कारण या वस्तूची सगळी भिस्त त्या चित्रावर आहे. चित्रात एक लांबट जिवाणू आहे, त्याच्या अंगभर केस आहेत, आणि केसांच्या टोकांना गोल गोल साखरेचे कण चिकटलेले दाखवलेत. गिऱ्हाइकाला वाटतं की हे कंपनीनं कल्पनेनं काढलं असेल. तसं नाही. ते केस खरे आहेत.

लघवीच्या साध्या संसर्गात चारांत तीन वेळा सापडतो तो ई. कोलाय हा जिवाणू. तो आपल्याच आतड्यात राहतो, आणि बाईच्या शरीरात गुदद्वार, योनी आणि मूत्रमार्ग जवळजवळ असल्यानं त्याला मूत्राशयापर्यंतचं अंतर फार कमी पडतं. जिवाणूची लांबी सुमारे दोन मायक्रोमीटर, म्हणजे मिलीमीटरचा पाचशेवा भाग. त्याच्या अंगावर शेकडो केस असू शकतात. एकेक केस एक-दोन मायक्रोमीटर लांब आणि फक्त सात नॅनोमीटर जाड, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसापेक्षा दहा हजारपट बारीक. कॉलेजच्या साध्या सूक्ष्मदर्शकातून जिवाणू दिसतो, केस दिसत नाहीत. त्याला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच लागतो. म्हणून १९५०च्या आसपास ते यंत्र हाती आल्यावरच हे केस माणसाला दिसले. एडिनबराच्या ड्यूगिड यांनी १९५५ मध्ये त्यांना फिंब्रिया म्हटलं, ब्रिंटन यांनी १९५९ मध्ये पिलाय म्हटलं, आणि आज दोन्ही नावं चालतात. आम्हाला बी.फार्म.ला पिलाय शिकवलं, तेच मी इथं वापरते.

चित्रात जिवाणूला मागं एक लांब शेपूटही काढलीय आणि केस नि शेपूट एकाच रंगात रंगवलेत. ते मला खटकलं. शेपूट म्हणजे फ्लॅजेला, तिच्यावर जिवाणू पोहतो. पिलायनं पोहता येत नाही, ते चिकटण्यासाठी असतात. डी-मॅनोजचा संबंध फक्त चिकटणाऱ्या केसांशी आहे, शेपटीशी काही नाही. रंग वेगळे दिले असते तर वाचणाऱ्याला हे आपोआप कळलं असतं.

हा केस म्हणजे एकाच प्रथिनाचे कण एकापुढं एक, मळसूत्रासारख्या वळशात रचून केलेला दांडा. त्या प्रथिनाचं नाव फिमए. अगदी टोकावर मात्र वेगळंच प्रथिन बसलेलं असतं, फिमएच. सगळी करामत या टोकाची. आपल्या मूत्राशयाच्या आतल्या पेशींवर युरोप्लाकिन नावाची प्रथिनं असतात आणि त्यांच्यावर मॅनोज या साखरेच्या साखळ्या असतात. फिमएच नेमकी ती साखर ओळखतं आणि पकडतं.

आणि पकड कशी, तर लघवीची धार सुटून केसाला ओढ बसली की टोक सुटायच्या ऐवजी जास्तच घट्ट धरतं. वासरानं हिसका दिला की आवळत जाणाऱ्या सरकफासासारखं. २००२ मध्ये हे प्रयोगात दिसलं. शिवाय तो वळशांचा दांडा ओढ बसली की उलगडून लांब होतो आणि धार थांबली की पुन्हा गुंडाळला जातो, त्यामुळे धक्का टोकापर्यंत पूर्ण पोहोचतच नाही. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवानं वाहत्या पाण्यात टिकून राहायची ही सोय केलीय. मला ते वाचताना दर वेळी थक्क व्हायला होतं.

तर पुडीमागचा विचार असा: मॅनोज पोटातून रक्तात जातं, त्यातलं काही तसंच लघवीत उतरतं. लघवीत मोकळं मॅनोज भरपूर असलं की केसांची टोकं त्यालाच धरून बसतील, पेशी धरायला मोकळी राहणार नाहीत, आणि जिवाणू धारेबरोबर बाहेर. हा विचार पोकळ नाही. मॅनोज घातलं की ई. कोलायनं रक्तातल्या लाल पेशी धरून त्यांचे गठ्ठे करणं थांबतं, हे १९५५ पासून माहीत आहे. आणि आपलं शरीर स्वतःच ही युक्ती वापरतं. आपलं मूत्रपिंड रोज युरोमोड्युलिन नावाचं प्रथिन लघवीत सोडतं. टॅम आणि हॉर्सफॉल यांनी १९५० मध्ये ते शोधलं. निरोगी माणसाच्या लघवीत सगळ्यांत जास्त असणारं प्रथिन हेच. त्याचे लांब तंतू होतात, त्यांच्यावर मॅनोजच्या साखळ्या असतात, जिवाणूचे केस त्यांना धरतात आणि त्यात गुरफटून बाहेर पडतात. झुरिकच्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये त्याची छायाचित्रंच काढून दाखवली. एक तारा मी या खऱ्या विज्ञानाला देते.

पण विचार बरोबर असला म्हणून पुडी लागू पडतेच असं नाही, आणि इथं पत्रक अपुरं पडतं. पत्रकात एकाच अभ्यासाचा दाखला आहे. तो क्रोएशियातला, २०१४ साली छापून आलेला, ३०८ बायांचा. रोज दोन ग्रॅम मॅनोज घेणाऱ्यांपैकी सुमारे १५ टक्के बायांना सहा महिन्यांत त्रास परत झाला, नायट्रोफ्युरँटॉइन हे अँटिबायोटिक घेणाऱ्यांपैकी २० टक्क्यांना, आणि काहीच न घेणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांना. आकडे वाचून कुणीही डबा उचलेल. पण त्या अभ्यासात कुणाला काय दिलं हे बायांनाही माहीत होतं आणि डॉक्टरांनाही. काहीच न मिळालेल्या बाईला आपल्याला काही मिळालं नाही हे ठाऊक होतं.

त्यानंतर ब्रिटनमध्ये याहून कडक चाचणी झाली, २०२४ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ५९८ बाया, सगळ्यांना उन्हाळीचा वारंवार त्रास. निम्म्यांना रोज दोन ग्रॅम मॅनोज, निम्म्यांना तशीच दिसणारी फळसाखर, सहा महिने, आणि कुणाच्या पुडीत काय हे कुणालाच माहीत नाही. मॅनोज घेणाऱ्यांपैकी ५१ टक्के बायांना पुन्हा दवाखाना गाठावा लागला, साध्या साखरेवर असणाऱ्यांपैकी सुमारे ५६ टक्क्यांना. एवढा फरक योगायोगानंही पडू शकतो. म्हणजे जवळपास महिन्याला हजार रुपये घालून, रोज नेमानं पुडी घेऊनही निम्म्या बाया परत दवाखान्यात. या चाचणीचा पत्रकात एक शब्द नाही. तो असायला हवा होता.

असं का झालं असावं? मला वाटतं याचं उत्तर केसांच्या गोष्टीतच आहे. ई. कोलायला हे केस कायम लागत नाहीत. त्याच्या जनुकांत एक छोटा तुकडा आहे, तो एका दिशेला असला की केस फुटतात, उलटा फिरला की बंद. एकाच घोळक्यात केसवाले आणि बिनकेसाचे दोन्ही सापडतात. दुसरं, एकदा चिकटल्यावर जिवाणू मूत्राशयाच्या पेशींच्या आत शिरतो आणि तिथं आपली वस्ती करतो. हे आधी उंदरांत दिसलं, मग बायांच्या लघवीतल्या पेशींतही खुणा मिळाल्या. आत बसलेल्याला लघवीतलं मॅनोज काय करणार? आणि तिसरं सगळ्यांत महत्त्वाचं. मूत्रपिंडापर्यंत चढणाऱ्या ई. कोलायकडे बऱ्याचदा दुसऱ्या जातीचे केस असतात, पी पिलाय. त्यांच्या टोकावर फिमएच नसतं, पॅपजी असतं, आणि ते मॅनोज धरतच नाही. ते मूत्रपिंडाच्या पेशींवरची गॅलॅक्टोजची जोडी धरतं. त्या केसांपुढं ही पुडी बिनकामाची आहे.

म्हणून मी काउंटरवर पुडी देण्याआधी विचारते: थंडी वाजून ताप आहे का, कमरेच्या वर पाठीत एका बाजूला दुखतंय का, उलट्या आहेत का, लघवीत रक्त दिसलं का, दिवस गेलेत का. यातलं एकही हो असेल तर मी पुडी देत नाही. मग आधी दवाखाना, आणि रात्रीची वेळ असेल तर सरळ आंबाजोगाईला स्वारातीत (स्वामी रामानंद तीर्थ सरकारी रुग्णालयात) जायला सांगते. मूत्रपिंडापर्यंत गेलेला संसर्ग दोन दिवस गोड पाण्यावर काढला तर जिवावर बेतू शकतो. पत्रकात ही सूचना आहे, पण मागच्या पानावर, इंग्रजीत आणि हिंदीत. मराठीत अक्षरसुद्धा नाही. बीड जिल्ह्यात विकायचा माल, घेणाऱ्या बाया मराठी वाचणाऱ्या, आणि जीव वाचवणारी ओळ त्यांना न कळणाऱ्या भाषेत. याचा मला खरोखर राग आहे.

आणखी एक गट आहे, तो साखरेच्या पेशंटचा. डायबेटिससाठी डॅपाग्लिफ्लोझिनच्या गोळ्या आता सर्रास लिहून येतात. त्या गोळीनं साखर लघवीवाटे बाहेर टाकली जाते, आणि त्यामुळे काही बायांना जागेवर बुरशी होते, खाज आणि आग सुटते. त्या हेच समजतात की उन्हाळी लागली, आणि पुड्या मागतात. बुरशीचा आणि ई. कोलायच्या केसांचा काही संबंध नाही. गोळ्यांचं पाकीट दाखवा म्हटलं की बऱ्याचदा उलगडा होतो, मग मी त्यांना गोळी लिहिणाऱ्या डॉक्टरांकडेच परत पाठवते. डायबेटिस असणाऱ्यांनी तशीही ही साखर डॉक्टरांना न विचारता सुरू करू नये.

क्रॅनबेरी घातलेल्या गोळ्याही याच कपाटात असतात, तर दोन शब्द त्यांच्याबद्दल. क्रॅनबेरीचं पारडं मॅनोजपेक्षा जड आहे. कॉक्रेन ही संस्था झालेले अभ्यास एकत्र तपासते; तिच्या २०२३ च्या आढाव्यात ५० अभ्यास पाहिले होते, आणि वारंवार त्रास होणाऱ्या बायांमध्ये धोका सुमारे चौथ्या हिश्श्यानं कमी झालेला दिसला. मात्र तीही टाळण्यासाठी, झालेल्या आजारावर उतारा म्हणून नाही. आणि दुकानात मिळणाऱ्या दोन्ही एकत्र असलेल्या गोळीत दोन्हींचं प्रमाण किती, ते वाचून घ्या. मॅनोज बहुतेक वेळा दोन ग्रॅमच्या जवळपासही नसतं.

आता खर्च न लागणारी गोष्ट. २०१८ मध्ये १४० बायांवर एक अभ्यास झाला. या सगळ्या कमी पाणी पिणाऱ्या, वारंवार त्रास होणाऱ्या. निम्म्यांनी रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. जवळपास निम्मा. धारेनं पकड घट्ट होते असं मी वर म्हटलं, मग पाण्यानं फायदा कसा, असं कुणी विचारेल. चिकटलेले थोडे असतात, मोकळे तरंगणारे पुष्कळ, आणि ते धारेबरोबर वाहून जातात. पोषक रसात ई. कोलाय वीस मिनिटांत एकाचे दोन होतात, लघवीत जरा सावकाश. सकाळी अडवलेली लघवी संध्याकाळपर्यंत धरली तर त्यांना वाढायला अख्खा दिवस मिळतो.

आणि आमच्याकडच्या बाया दिवसभर धरूनच ठेवतात. कापूस वेचायला गेलेली बाई पाणी पीत नाही, कारण रानात आडोसा नाही. शाळेतल्या बाई पीत नाहीत, कारण संडासाला पाणी नाही किंवा कडी नाही. एसटीनं बीडला जायचं असेल तर आदल्या रात्रीपासून पाणी कमी. दिवाळीनंतर ऊसतोडीला निघायच्या आधी बाया येतात आणि "तिकडं काही मिळत नाही, संगं नेण्यापुरतं द्या" म्हणतात. फडावर राहायचं कोपीत, अंधार पडल्याशिवाय बसायला जागा नाही. पाण्याची तर काय कथा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते सगळ्यांनी पाहिलंय. अशा भागात बाईला रोज दीड लिटर जास्त पाणी पी म्हणताना मला माहीत असतं की तिच्यासाठी पाण्याइतकाच आडोशाचा प्रश्न आहे. तरी सांगते, कारण पुडीच्या किमतीत तिच्या घरी जारचं पाणी किती दिवस येईल ते ती स्वतः मोजू शकते. धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, ताक, काहीही चालेल. पोटात पाणी जातंय हे महत्त्वाचं. आणि लघवी अडवायची नाही, जमेल तेवढी.

जळजळ आत्ता होत असेल तर: स्वच्छ डबीत मधल्या धारेची लघवी घ्या, तपासणीला द्या, वारंवार होत असेल तर कल्चर (लघवीतले जिवाणू वाढवून पाहण्याची तपासणी) करा. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात, पण कोणती गोळी लागू पडेल ते त्यात लिहून येतं. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक आमच्याकडे मिळत नाही, आणि त्यावर बायांशी होणारी हुज्जत मी आनंदानं सोसते. डॉक्टरांनी नायट्रोफ्युरँटॉइन लिहिलं असेल तर जळजळीवरचं क्षाराचं सिरप आपल्या मनानं सोबत सुरू करू नका. लघवी क्षारयुक्त झाली की ती गोळी नीट काम करत नाही.

दुसरा तारा कशाला, तर ही पुडी निरुपद्रवी आहे आणि अँटिबायोटिक नाही. ती घेतल्यानं जिवाणू औषधाला दाद न देणारे बनत नाहीत. केसांची टोकं झाकायची ही वाट संशोधकांनी सोडलेली नाही. अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात मॅनोजच्या धर्तीवर बनवलेला एक रेणू फिमएचला एक लाखपट घट्ट धरतो, असं २०१७ मध्ये दिसलं, आणि उंदरांच्या आतड्यातले हे जिवाणू त्यानं कमी झाले. त्यातून एखादं खरं औषध आलं तर मी ते पहिल्या फळीवर ठेवीन. आज ही पुडी मी मागच्या कपाटात ठेवते आणि डॉक्टरांनी लिहिली तरच काढते.

ज्यांना लिहून दिलीय त्यांच्यासाठी: पुडी फोडली की पूर्ण वापरा, अर्धी ठेवली तर पावसाळ्यात ओल धरून खडा होतो. पाणी कोमट असायची गरज नाही, साधं चालतं. रात्री झोपताना लघवी करून मग घेतली तर मॅनोज मूत्राशयात जास्त वेळ राहील, असं पत्रकात आहे, आणि ते पटण्यासारखं आहे.

कंपनीचा माणूस ऑर्डर घ्यायला आला तेव्हा त्याला मी डबा उघडून पत्रक दाखवलं. ताप, पाठदुखी आणि उलट्या असतील तर लगेच डॉक्टर, ही ओळ मराठीत, मोठ्या अक्षरात, पहिल्या पानावर घ्या, आणि २०२४ ची चाचणीही छापा, एवढं लिहून दिलंय. ते झालं तर तिसरा तारा द्यायला मी तयार आहे.